नव्या लॅपटॉपला 'फॉरमॅट' मारताना: वाचकांचे प्रश्न

सणासुदीच्या खरेदीनंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास असतो. लॅपटॉप नवाकोरा आहे, पण त्यात कंपनीने भरलेला फापटपसारा नको. सगळे पुसून नुसती विंडोज टाकायची आहे. या वेळी त्याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरे विंडोज ११ धरून आहेत, कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नव्या मशीनवर ती टाकण्यात आता अर्थ नाही.

प्रश्न: लॅपटॉप घेऊन चारच दिवस झाले. अँटिव्हायरसची जाहिरात दर तासाला डोके वर काढते. सगळे पुसून टाकणे खरेच गरजेचे आहे का? सेटिंग्जमधले 'रीसेट धिस पीसी' पुरणार नाही का? — वाचक, नाशिक

उत्तर: तक्रार फक्त अँटिव्हायरसची असेल तर पुसू नका. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे जाऊन चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस आणि नको असलेली तीन-चार ॲप्स काढा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो. दहा मिनिटांचे काम आहे आणि दहापैकी सात जणांना एवढेच पुरते, असे आमचे मत.

'रीसेट'ची गंमत अशी, की तो दिसतो तितका कोरा नसतो. कंपनीने आपली ॲप्स आणि सजावट सी ड्राइव्हवरच्या 'रिकव्हरी' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये बांधून ठेवलेली असते. रीसेट होताना विंडोज ते गाठोडे पुन्हा सोडते. त्यामुळे तासभर वाट पाहून तोच अँटिव्हायरस पुन्हा समोर येतो, आणि लोक म्हणतात, 'रीसेट चाललाच नाही.' चालला, पण त्याला जे करायला सांगितले होते तेच त्याने केले. हे गाठोडे टाळायचे असेल तर पेनड्राइव्हवरून बूट करून (म्हणजे लॅपटॉप त्यावरून सुरू करून) डिस्कवरची सगळी पार्टिशन्स (डिस्कचे पाडलेले भाग) काढणे हाच मार्ग.

प्रश्न: पुसायचे नक्की केले आहे. आधी काय काय काढून ठेवू? लॅपटॉप नवा, त्यामुळे माझा स्वतःचा डेटा काहीच नाही. — विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: डेटा नसला तरी कंपनीच्या विंडोजमध्ये अशा काही गोष्टी असतात, ज्या पुसल्यावर शोधताना नाकीनऊ येतात. अर्धा तास आधी घालवलात तर पुढचे दोन दिवस वाचतील.

पहिली गोष्ट ऑफिसची. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपबरोबर 'ऑफिस होम अँड स्टुडंट' किंवा 'ऑफिस होम' येते. डब्यात सीडी नसते, कीचा (परवान्याच्या सांकेतिक क्रमांकाचा) कागदही नसतो. हक्क त्या मशीनला जोडलेला असतो आणि तो आपल्या नावावर घ्यायला मुदत असते. तेव्हा पुसण्याआधी वर्ड उघडा, आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा, ॲक्टिव्हेट होऊ द्या. मग ब्राउझरमधून खात्याच्या पानावर जाऊन तिथल्या 'सर्व्हिसेस' यादीत ऑफिसचे नाव आले आहे याची खात्री करा. आले असेल तर नंतर कितीही वेळा फॉरमॅट मारा, तिथूनच पुन्हा उतरवता येते. हे खाते कॉलेजचे किंवा दुकानदाराने घाईत उघडून दिलेले नको, तुमचे कायमचे हवे. ज्या खात्याला ऑफिस चिकटले, त्यालाच ते राहते.

दुसरी गोष्ट ड्रायव्हर, म्हणजे वायफाय, आवाज, टचपॅड असे भाग विंडोजला चालवता यावेत म्हणून लागणारे सॉफ्टवेअर. कंपनीच्या संकेतस्थळावर सगळे मिळतात खरे, पण वायफायचाच ड्रायव्हर नसेल तर संकेतस्थळ उघडणार कशाने? सोपी युक्ती: सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हरस्टोअर या वाटेने जा. तिथे 'फाइलरिपॉझिटरी' नावाचे फोल्डर आहे. आत्ता चालू असलेल्या मशीनचे झाडून सगळे ड्रायव्हर त्यात असतात. ते आख्खे फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. काही जीबी भरते, म्हणून ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह दिसेल त्या नावावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', आणि हे फोल्डर दाखवायचे. 'इन्क्लूड सबफोल्डर्स'ची खूण असू द्या. हवे ते विंडोज स्वतः शोधून घेते.

तिसरी, बायोसचा (विंडोजच्याही आधी जागे होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचा) अपडेट. तो आधीच्या, कंपनीच्या विंडोजमधूनच उरकून घ्या. चार्जर लावून. तिथे लागणारे साधन तयार असते.

आणि चौथी म्हणजे मशीनच्या खालच्या लेबलचा फोटो. मॉडेलचे पूर्ण नाव आणि सिरियल नंबर लागतोच. नुसते 'इन्स्पिरॉन १५' म्हणून ड्रायव्हर मिळत नाहीत, त्या नावाची डझनभर मॉडेल्स आहेत.

प्रश्न: विंडोजची की कुठेच छापलेली नाही. पुसल्यावर ती गेली तर? — वाचक, लातूर

उत्तर: जाणार नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हापासून ब्रँडेड लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्ये कायम ठेवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेली असते. डिस्क पुसा, बदला, जाळा; की तिथेच. नवी विंडोज टाकताना सेटअप ती गुपचूप वाचतो आणि आवृत्तीही तिच्यावरूनच ठरवतो. म्हणूनच बहुतेकांना 'होम की प्रो' हा प्रश्न पडद्यावर दिसतच नाही. इंटरनेट जोडले की काही मिनिटांत ॲक्टिव्हेशन होते. सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन इथे पाहा.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. होमची की असताना कुणीतरी हट्टाने प्रो टाकले तर ते ॲक्टिव्हेट होत नाही, कारण की होमची आहे. आणि वॉरंटीत मदरबोर्ड बदलला तर जुन्या बोर्डाबरोबर की जाते. नव्या बोर्डावर ती लिहून देणे हे सर्व्हिस सेंटरचे काम. लॅपटॉप ताब्यात घेण्याआधी त्यांच्यासमोरच ॲक्टिव्हेशनचे पान उघडून बघा.

प्रश्न: आमच्या लॅपटॉपवर 'डॉस' आहे म्हणून तो स्वस्त मिळाला. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत 'लाइफटाइम' की मिळते, ती चालेल ना? — वाचक, अकोला

उत्तर: डॉसच्या, म्हणजे विंडोजशिवाय विकलेल्या मशीनमध्ये फर्मवेअरमध्ये की नसते, म्हणून तर ते स्वस्त. तीन-चारशेच्या की बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या घाऊक परवान्यातून फुटलेल्या असतात. आज चालतात, आणि ती की बंद केली गेली की कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' उमटते. तेव्हा दुकानदार फोन उचलत नाही. फुकटचे 'ॲक्टिव्हेटर' तर त्याहून वाईट: ते चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा असे सांगतात, यातच सगळे आले. पैसे खर्चायचे नसतील तर विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टम टाका. टायपिंग, ब्राउझर, लिबरऑफिस एवढेच काम असेल तर घरातल्या कुणाला फरक जाणवणार नाही.

प्रश्न: पेनड्राइव्ह कसा तयार करायचा? 'मीडिया क्रिएशन टूल' आणि 'रूफस' यात बरे कोणते? — वाचक, पणजी

उत्तर: पहिल्यांदाच करत असाल तर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरचे सगळे पुसले जाते. लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह लावू नका. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हे काम होत नाही, उतरवायची फाइल पाच ते सात जीबीच्या घरात असते. मध्येच नेट तुटले तर टूल बरेचदा पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे ब्रॉडबँड असलेल्या घरी बसा.

रूफस या बाहेरच्या सॉफ्टवेअरला आधी आयएसओ फाइल (विंडोजच्या सेटअपची एका फाइलमधली प्रत) लागते. तीही मायक्रोसॉफ्टच्याच पानावरून घ्या. टेलिग्रामवरची 'लाइट', 'गेमिंग एडिशन' वगैरे मुळीच नको. त्या फाइलमधून कुणी काय काढले आणि काय घातले, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम 'जीपीटी' आणि टार्गेट 'यूईएफआय' ठेवा. स्टार्ट दाबल्यावर तो काही खुणा विचारतो: ऑनलाइन खात्याची सक्ती नको, स्थानिक खाते आधीच तयार करा, डिस्कचे आपोआप एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणे) नको. समजून-उमजून खुणा करणाऱ्यासाठी रूफस छान. न वाचता 'ओके' दाबणाऱ्याने टूलच वापरावे.

पेनड्राइव्ह यूएसबी ३ चा आणि जरा बऱ्या कंपनीचा घ्या. त्यावर कामाला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. फुकट वाटलेल्या जाहिरातीच्या पेनड्राइव्हवर तेच काम दीड तास रेंगाळते आणि कधी अर्ध्यात 'फाइल करप्ट' म्हणून थांबते. दोष विंडोजला दिला जातो.

प्रश्न: पेनड्राइव्ह लावला तरी लॅपटॉप थेट जुन्या विंडोजमध्येच जातो. — वाचक, जालना

उत्तर: बूट मेन्यूची कळ कंपनीगणिक वेगळी. डेल आणि लेनोवो एफ१२, एचपीला आधी एस्केप मग एफ९, आसुसला एस्केप, एमएसआयला एफ११. एसरलाही एफ१२, पण तिथे हा मेन्यू काही मॉडेलांत मुळात बंदच असतो; एफ२ ने बायोसमध्ये जाऊन 'एफ१२ बूट मेन्यू' एनेबल करावा लागतो. काही लेनोवोंच्या कडेला टाचणीने दाबायचे एक छोटे भोक असते, त्यातूनही हा मेन्यू निघतो. कळ धरून ठेवू नका. पॉवर बटण दाबल्याबरोबर टकटक मारत राहा.

एवढे करूनही जमेना, तर चालू विंडोजमध्ये स्टार्ट मेन्यूतले 'रीस्टार्ट' शिफ्ट दाबून धरून क्लिक करा. निळा पडदा येतो, त्यात 'यूज अ डिव्हाइस', मग पेनड्राइव्हचे नाव. नुसते शट डाउन करून चालू केल्याने कळ पकडली जात नाही याचे कारण 'फास्ट स्टार्टअप': मशीन पूर्ण बंद झालेलेच नसते. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, मायक्रोसॉफ्टचा पेनड्राइव्ह त्यातून सरळ जातो.

प्रश्न: सगळे नीट चालले होते. पण जिथे डिस्क निवडायची तिथे यादी रिकामी! फक्त पेनड्राइव्ह दिसतो. एसएसडी खराब निघाली का? लॅपटॉप इंटेल बाराव्या पिढीचा. — वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर: एसएसडी ठणठणीत आहे. या विषयावर सर्वाधिक पत्रे येतात म्हणून जरा सविस्तर.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये 'व्हीएमडी' नावाची सोय बायोसमध्ये चालू असते. प्रोसेसर एसएसडीला आपल्या पदराआड घेतो आणि विंडोजच्या सेटअपकडे त्या पदराची गाठ सोडणारा ड्रायव्हर नसतो. कंपनीने टाकलेल्या विंडोजमध्ये तो होता, म्हणून काल डिस्क दिसत होती. एएमडीच्या मशीनवर ही भानगड सहसा येत नाही.

एक उपाय ड्रायव्हर दाखवण्याचा. दुसऱ्या संगणकावर कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर घाला, 'स्टोरेज' विभागातून 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी'चा ड्रायव्हर उतरवा. इथेच बहुतेक जण फसतात. उतरते ती ईएक्सई फाइल, आणि लोक ती तशीच पेनड्राइव्हवर टाकतात. सेटअपला ईएक्सई चालत नाही. त्याला आयएनएफ, एसवायएस आणि कॅट या तीन प्रकारच्या फायली सुट्या हव्यात. सेव्हन-झिपने ती ईएक्सई उलगडा. आत 'व्हीएमडी' नावाचे फोल्डर सापडते. ते आख्खे पेनड्राइव्हवर ठेवा. डिस्कच्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर', मग 'ब्राउझ', मग ते फोल्डर. यादीत व्हीएमडी कंट्रोलरच्या दोन-तीन ओळी आल्या तर शेवटचे अक्षर-आकडे बघा: अकराव्या पिढीला '९ए०बी', बाराव्या पिढीला '४६७एफ'. 'सुसंगत नसलेले ड्रायव्हर लपवा' ही खूण चालू असेल तर चुकीच्या ओळी दिसणारच नाहीत. नेक्स्ट दाबले की दोन-चार सेकंदांत डिस्क हजर.

दुसरा उपाय बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा. घरच्या, एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपला त्याने काही तोटा नाही. आसुसमध्ये 'ॲडव्हान्स्ड'खाली 'व्हीएमडी सेटअप मेन्यू' असतो. एसरमध्ये ही ओळ लपवलेली असते. 'मेन' पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबले की ती उमटते. काही मॉडेलांत मात्र बंद करायची सोयच दिलेली नाही, तिथे ड्रायव्हरला पर्याय नाही.

पण व्हीएमडी बंद करायची तर पुसण्याआधीच. आधी विंडोज टाकून मग बंद केलीत, तर पुढच्या वेळी निळा पडदा येईल आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणेल. घाबरू नका. बायोसमध्ये ती परत चालू केली की विंडोज उठते.

प्रश्न: डिस्कवर चार-पाच पार्टिशन्स दिसतात. सगळी उडवू? शिवाय मला सी आणि डी असे दोन ड्राइव्ह हवेत. — वाचक, सातारा

उत्तर: आधी योग्य डिस्क ओळखा. ५१२ जीबीची एसएसडी इथे ४७६.९ जीबी दिसते, एक टीबीची ९३१ किंवा ९५३. दुकानदाराने फसवलेले नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. पेनड्राइव्हही याच यादीत असतो, त्याच्या आकड्यावरून तो ओळखा आणि त्याला हात लावू नका.

ठरलेल्या डिस्कवरची पार्टिशन्स एकेक करून डिलीट करा: २६० एमबीचे सिस्टम, १६ एमबीचे राखीव, मोठे प्रायमरी, शेवटची रिकव्हरी. शेवटी 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ उरली पाहिजे. ती निवडून नेक्स्ट. सिस्टमची छोटी पार्टिशन्स सेटअप स्वतः पाडतो.

रिकव्हरी उडवल्याने कंपनीची 'फॅक्टरी रीसेट'ची सोय जाते, हे खरे. मात्र परतीचा रस्ता बंद होत नाही. एचपीचे 'क्लाउड रिकव्हरी', डेलचे 'ओएस रिकव्हरी टूल', लेनोवोची 'डिजिटल डाउनलोड रिकव्हरी' यांतून सिरियल नंबर देऊन मूळ प्रतिमा पेनड्राइव्हवर घेता येते. आसुसच्या अलीकडच्या मशीनमध्ये ती इंटरनेटवरून थेट उतरवायची सोय आहे. तुमच्या मॉडेलला मिळते का, हे पुसण्याआधी तपासा.

डी ड्राइव्हबद्दल. एसएसडीवर दोन भाग केल्याने वेग वाढत नाही. फायदा एवढाच, की पुढच्या वेळी सी पुसताना डीवरचा डेटा राहतो. करायचेच तर 'क्रिएट पार्टिशन'मध्ये सीसाठी निदान २०० जीबी द्या. आकडा एमबीत घालायचा असतो, म्हणजे २०४८००. उरलेली जागा तशीच सोडा आणि विंडोज सुरू झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमधून डी करा. सीला १०० जीबी देऊन नंतर वाढवू असे म्हणाल तर पस्तावाल: सी आणि डीच्या मध्ये विंडोजचे रिकव्हरी पार्टिशन येऊन बसते आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' ही ओळ करडी पडते.

फायलींची कॉपी संपून पहिला रीस्टार्ट झाला की पेनड्राइव्ह काढा. नाहीतर काही मशीन पुन्हा त्यावरूनच उठतात आणि 'भाषा निवडा'चा पडदा परत येतो. अनेकांना वाटते काम फसले, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

प्रश्न: विंडोज बसली, पण 'नेटवर्कला जोडा' या पडद्यावर अडकलो. वायफायची यादीच येत नाही आणि पुढे जाऊ देत नाही. — वाचक, रत्नागिरी

उत्तर: वायफायचा ड्रायव्हर नाही. नव्या मीडियाटेक आणि रिअलटेक कार्डांवर हे नेहमीचे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे लॅपटॉपला लॅनची वायर लावल्यासारखेच वाटते. केबल डेटाची हवी; नुसत्या चार्जिंगच्या केबलने टेदरिंगची ओळ करडीच राहते. आयफोनने मात्र इथे काम होत नाही, त्याला ॲपलचा ड्रायव्हर आधी लागतो. अलीकडच्या सेटअपमध्ये याच पडद्यावर 'इन्स्टॉल ड्रायव्हर' हे बटणही आले आहे. ते दिसत असेल तर आधी काढून ठेवलेले फोल्डर तिथे दाखवा.

टचपॅड चालत नसेल तर पाच-सातशे रुपयांचा यूएसबी माऊस हाताशी ठेवा, ब्लूटूथचा नको. टचपॅडचा दोष बहुधा टचपॅडच्या ड्रायव्हरचा नसतोच. त्याच्यापर्यंत जाणारा 'सिरियल आयओ' किंवा एएमडीचा 'आय२सी' ड्रायव्हर नसतो.

प्रश्न: सगळे झाले, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, आणि ब्राइटनेसच्या कळा मेल्या आहेत. — वाचक, ठाणे

उत्तर: विंडोज अपडेटने दिलेला ड्रायव्हर 'चालतो' एवढेच, तुमच्या स्पीकरसाठी कंपनीने जुळवलेला आवाज त्यात नसतो. कंपनीच्या पानावरून ऑडिओ ड्रायव्हर आणि त्याबरोबरचे डॉल्बी किंवा तत्सम पॅकेज, दोन्ही टाका. फंक्शन कळांचा ड्रायव्हर 'हॉटकी' किंवा 'सिस्टम कंट्रोल इंटरफेस' अशा नावाने असतो. क्रम असा ठेवा: आधी चिपसेट, मग सिरियल आयओ, मग ग्राफिक्स, ऑडिओ, वायफाय-ब्लूटूथ, आणि शेवटी हॉटकी व फिंगरप्रिंट. चिपसेट आधी टाकला नाही तर मागचे काही ड्रायव्हर 'उपकरण सापडले नाही' म्हणून परत फिरतात.

कंपनीचे एक ॲप मात्र आम्ही ठेवायला सांगू: बॅटरीचे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणारे. दिवसभर चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपला ते हवेच. लेनोवोत व्हँटेज, आसुसमध्ये मायआसुस.

प्रश्न: शपथेवर सांगतो, डिस्क पूर्ण पुसली होती. तरी नेट जोडताच कंपनीचे ॲप 'इन्स्टॉल करू का' म्हणून विचारते! — वाचक, बेळगाव

उत्तर: शपथेची गरज नाही, विश्वास आहे. फर्मवेअरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम ठेवून तो प्रत्येक नव्या विंडोजला बूटच्या वेळी देण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच कंपन्यांना दिली आहे. चोरीला गेलेल्या लॅपटॉपचा माग काढता यावा असे त्याचे उपयोग सांगितले जातात. २०१५ मध्ये लेनोवोने याच वाटेने आपले सॉफ्टवेअर घातल्याचे उघड झाल्यावर बराच गदारोळ झाला आणि त्यांना ते काढणारा फर्मवेअर अपडेट द्यावा लागला. आसुसच्या मशीनमध्ये बायोसमध्ये 'आर्मरी क्रेट' किंवा 'मायआसुस' अशी ओळ असते, ती डिसेबल करा. काही ॲप्स विंडोज अपडेटच्या मागच्या दाराने येतात. 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधून तिथे 'नो' निवडा.

प्रश्न: बायोसमध्ये एक सेटिंग बदलले आणि आता लॅपटॉप ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागतो. मी कधीच पासवर्ड लावला नव्हता. — वाचक, नागपूर

उत्तर: तुम्ही नाही, विंडोजने लावला. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून बहुतेक नव्या मशीनवर कोरी विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले, की डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप चालू होते. बायोस बदलला की त्याला शंका येते. की त्याच खात्यात साठवलेली असते: फोनवरून खात्यात शिरा, 'डिव्हाइसेस'खाली 'रिकव्हरी कीज' बघा, पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरे जुळवा आणि आकडे टंका. मग तो कागद लिहून कपाटात ठेवा. ते खाते कुठल्याच मार्गाने परत उघडता आले नाही आणि कीची दुसरी प्रतही नसेल, तर मात्र डेटा गेला. कुठलाही 'रिपेअरवाला' तो काढून देऊ शकत नाही.

प्रश्न: जर्मनीत शिकायला आलो, लॅपटॉप इथेच घेतला. विंडोज जर्मन. इंग्रजी टाकली तर की चालेल? — विद्यार्थी, आखेन

उत्तर: चालेल. होमची की होमला लागते, भाषेला नाही. पण नुसते हेच काम असेल तर पुसू नका, सेटिंग्जमधून इंग्रजी भाषा घालून ती डिस्प्लेला निवडा. कीबोर्ड जर्मनच ठेवा, नाहीतर झेड आणि वायची अदलाबदल होऊन पासवर्ड 'चुकीचा' येत राहील.

प्रश्न: आमच्या पावतीवर 'होम सिंगल लँग्वेज' लिहिले आहे. म्हणजे मराठी टाइप करता येणार नाही का? शिवाय नवी विंडोज टाकल्यावर जुनी मंगल फॉन्टमधली पत्रे वेगळीच दिसतात. — डीटीपी व्यावसायिक, सांगली

उत्तर: 'सिंगल लँग्वेज'चा संबंध विंडोजच्या मेन्यूंच्या भाषेशी आहे, लिहिण्याशी नाही. मेन्यूची भाषा टाकताना निवडाल तीच राहील. कीबोर्ड कितीही घाला. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, 'ॲड अ लँग्वेज', मराठी. 'डिस्प्ले लँग्वेज करा' ही खूण दिसली तर काढून टाका. इनस्क्रिप्ट आपोआप येतो. रोमनमध्ये उच्चाराप्रमाणे टंकणाऱ्यांनी मराठीच्या 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'मराठी फोनेटिक' जोडावा. विंडोज कळ आणि स्पेसबारने भाषा बदलते.

मंगलचे कारण वेगळे. नव्या विंडोजमध्ये मुळात निर्मला असतो. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' नावाच्या ऐच्छिक गठ्ठ्यात गेले आहेत. मराठी भाषा जोडली की तो गठ्ठा सहसा आपोआप उतरतो. न उतरल्यास सेटिंग्ज, सिस्टम, ऑप्शनल फीचर्समधून घ्या. तोवर वर्ड मंगलच्या जागी दुसराच फॉन्ट लावतो आणि दोन पानांचे पत्र अडीच पानांचे होते.

तुमच्या व्यवसायात युनिकोडआधीचे फॉन्टही असणार: शिवाजी, किरण, कृतिदेव. ते विंडोजबरोबर येत नाहीत. जुन्या मशीनवरून विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरची प्रत घ्याच. शिवाय ज्या वापरकर्त्याने फॉन्टवर डबल क्लिक करून बसवले असतील, त्याच्या 'ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स' या आतल्या फोल्डरमध्येही काही दडलेले असतात. श्रीलिपीसारख्या परवान्याच्या सॉफ्टवेअरचे मात्र नुसते फॉन्ट उचलून भागणार नाही. परवाना जुन्या मशीनवरून कसा सोडवायचा, हे ते मशीन चालू असतानाच विक्रेत्याला विचारून घ्या.